वाचकांचे प्रश्न : पांढऱ्या पेशी पक्व कशा होतात?

गेल्या अंकात अस्थिमज्जेत रक्तपेशी कशा तयार होतात, याविषयीचा लेख प्रसिद्ध झाला होता. त्यात नियामक प्रथिनांचा, म्हणजे जनुकांचे काम चालू-बंद करणाऱ्या प्रथिनांचा, उल्लेख एकाच वाक्यात, जाता जाता आला होता. परंतु जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे त्या एका वाक्याविषयीच आहेत. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : शरीरातील प्रत्येक पेशीत जनुके तीच असतात, असे आम्ही वर्गात शिकवतो. मग एकाच मूळपेशीच्या वंशातील एक पेशी प्रतिपिंडे बनवणारी बी पेशी आणि दुसरी संसर्ग झालेल्या पेशींना मारणारी टी पेशी कशी होते? ‘नियामक प्रथिनांमुळे’ एवढ्या उत्तराने विद्यार्थ्यांचे समाधान होत नाही. (एक प्राध्यापिका, चोपडा)

उत्तर : आपले पहिले विधान बहुतेक पेशींना लागू पडते, ज्या पेशींविषयी आपण विचारता, त्याच नेमक्या अपवाद आहेत. त्याविषयी पुढे लिहितो.

मानवी गुणसूत्रांवर प्रथिने घडवणारी सुमारे 20,000 जनुके आहेत. त्यांपैकी सुमारे 1,600 जनुकांपासून बनणारी प्रथिने डीएनएवरील ठरावीक छोट्या अनुक्रमांना चिकटतात आणि जवळच्या किंवा बऱ्याच दूरच्या जनुकांचे काम सुरू करतात, वाढवतात, मंद करतात किंवा थांबवतात. हीच नियामक प्रथिने. एखादी पेशी कोणती होणार, हे तिच्याकडे कोणती जनुके आहेत यावर नव्हे, तर त्या घडीला तिच्यात कोणती नियामक प्रथिने, किती प्रमाणात आणि कोणाच्या सोबतीने आहेत यावर ठरते. प्रमाणाचे महत्त्व पीयू.1 या प्रथिनाच्या उदाहरणातून चांगले दिसते. उंदरांच्या पूर्वज पेशींवरील प्रयोगांत ते जास्त असताना पेशी भक्षक (जंतू गिळणाऱ्या) पेशी होण्याकडे वळल्या आणि कमी असताना बी पेशी होण्याकडे.

बी पेशींच्या वाटेवर ई2ए, ईबीएफ1 आणि पॅक्स5 ही तीन प्रथिने जवळजवळ याच क्रमाने पुढे येतात. पहिली दोन बी पेशींची जनुके खुली करून वापरात आणतात. पॅक्स5 मात्र त्यासोबत आणखी एक काम करते, आणि माझ्या मते वर्गात सर्वाधिक वेळ त्यालाच द्यावा : ते इतर सर्व शक्यता बंद करते. 1999 मध्ये व्हिएन्ना येथील संशोधकांनी दाखवले, की उंदरांच्या ज्या अपक्व बी पेशींत पॅक्स5 नाही, त्या योग्य परिस्थितीत भक्षक पेशी, टी पेशी किंवा नैसर्गिक मारक पेशीही होऊ शकतात. 2007 मध्ये त्याच गटाने पूर्ण पक्व बी पेशींतून पॅक्स5 काढून टाकले, तेव्हा त्या पेशी मागे परतल्या आणि त्यांच्यापासून टी पेशी तयार झाल्या. पक्वता म्हणजे एकदा मिळाली की कायमची टिकणारी अवस्था, असे आपण समजत असतो. पण येथे ती एका प्रथिनाने सतत राखावी लागते. काय घडायचे नाही हे ठरवण्याचे काम ज्यांच्या हाती आहे, अशी ही प्रथिने समजली की उरलेला विषय विद्यार्थ्यांना पुष्कळ सोपा जातो.

टी पेशींची वाट वेगळ्या ठिकाणी घडते. त्यांच्या पूर्वज पेशी अस्थिमज्जेतून निघून छातीच्या मधल्या हाडामागील थायमस ग्रंथीत येतात. तेथील आधारपेशींच्या पृष्ठभागावर डीएलएल4 नावाचे प्रथिन असते. ते पूर्वज पेशीवरील नॉच1 या ग्राहीला (बाहेरचा संदेश किंवा रेणू ओळखणाऱ्या प्रथिनाला) प्रत्यक्ष स्पर्शाने संदेश देते. त्यानंतर टीसीएफ-1 आणि गाटा3 ही नियामक प्रथिने वाढतात आणि पुढे बीसीएल11बी आल्यावर टी पेशीची निवड पक्की होते. उंदरांत नॉच1 काढून टाकले तर थायमसमध्ये चक्क बी पेशी तयार होतात. बीसीएल11बी काढले तर पेशी नैसर्गिक मारक पेशींसारख्या होतात. याच्याही पुढे मदतनीस टी पेशी व्हायचे की मारक टी पेशी, हा निर्णय थपॉक आणि रुन्क्स3 या परस्परविरोधी प्रथिनांमध्ये होतो.

आता अपवादाकडे. बी आणि टी पेशी पक्व होताना आरएजी1 आणि आरएजी2 या प्रथिनांच्या जोडीने आपल्याच डीएनएचे तुकडे कापून नव्याने जोडतात, त्यामुळे प्रत्येक पेशीची ग्राही वेगळी होते. प्रतिपिंडांची जनुके अशी फेररचना होऊन बनतात, हे सुसुमु तोनेगावा यांनी सिद्ध केले आणि त्यासाठी त्यांना 1987 चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही जोडणी यादृच्छिक असल्यामुळे स्वतःच्या शरीरावर हल्ला करणाऱ्या ग्राहीही तयार होतात. त्या ओळखण्यासाठी थायमसच्या गाभ्यातील काही पेशी एअर नावाच्या नियामक प्रथिनाच्या साहाय्याने इन्सुलिनसारखी एरवी इतर अवयवांतच आढळणारी अनेक प्रथिने थोड्या प्रमाणात बनवून दाखवतात. जी टी पेशी त्यांना फार घट्ट चिकटते, ती सहसा तेथेच नष्ट होते. ज्या पेशींची ग्राही काहीच ओळखत नाही, त्याही मरतात. थायमसमध्ये वाढू लागलेल्या पेशींपैकी 95 टक्क्यांहून अधिक पेशी बाहेर पडत नाहीत. एअर प्रथिनाचे जनुक जन्मतः सदोष असणाऱ्या मुलांत परावटू (पॅराथायरॉइड) आणि अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथींवर शरीर स्वतःच हल्ला करते, यावरून ही निवड किती आवश्यक आहे ते कळते.

प्रश्न : आमच्याकडे कच्ची केळी रायपनिंग चेंबरमध्ये ठेवून इथिलीन सोडतात आणि सगळा माल एकसारखा पिकतो. या पेशीही अशाच एखाद्या बाहेरच्या रसायनाने पक्व होतात का? (केळी उत्पादक, रावेर)

उत्तर : आपली तुलना अर्ध्या वाटेपर्यंत अतिशय योग्य आहे. इथिलीन स्वतः केळी गोड करत नाही. ते फळाच्या पेशीतील ग्राहीला चिकटते, तेथून संदेश केंद्रकापर्यंत जातो आणि तेथील नियामक प्रथिने साल मऊ करणारी, स्टार्चची साखर करणारी जनुके कामाला लावतात. केळीतील मॅड्स कुळातील नियामक प्रथिने दडपली असता फळ पिकण्यास उशीर होतो, असे प्रयोगांत दिसले आहे. पांढऱ्या पेशींतही असेच होते. आधारपेशींनी सोडलेले इंटरल्यूकिन-7 हे प्रथिन अपक्व पेशीवरील ग्राहीला चिकटते, जॅक3 हे विकर (एन्झाइम) जागे होते, ते स्टॅट5 या नियामक प्रथिनात बदल घडवते आणि स्टॅट5 केंद्रकात शिरते.

येथून पुढे मात्र फरक पडतो. चेंबरमधील प्रत्येक केळ्याला एकच गोष्ट करायची असते. पांढऱ्या पेशीच्या बाबतीत तोच संदेश वेगळ्या पेशीत, वेगळ्या टप्प्यावर आणि वेगळ्या प्राण्यातही निराळा परिणाम करतो. इंटरल्यूकिन-7 चा संदेश नसेल तर उंदरांत टी आणि बी दोन्ही पेशी घटतात. माणसात टी पेशी तयार होत नाहीत, बी पेशी मात्र तयार होतात. उंदरांवरील निष्कर्ष माणसाला लावताना संशोधक इतके जपून का बोलतात, याचे हे एक ठोस कारण आहे.

प्रश्न : माझ्या नणंदेचा पहिला मुलगा सहा-सात महिन्यांचा असताना वारंवार न्यूमोनिया होऊन गेला. सासूबाईंचा एक मुलगाही तान्हेपणी असाच गेला होता. नणंद आता पुन्हा गरोदर आहे. हा जन्मतः असणारा दोष असू शकतो का? (एक वाचक भगिनी, अमळनेर)

उत्तर : आपल्या कुटुंबावर दोनदा कोसळलेल्या या दुःखाची आम्हाला जाणीव आहे. प्रत्यक्ष निदान डॉक्टरच करू शकतील. पण आईच्या बाजूने दोन पिढ्यांत फक्त मुलगे दगावणे ही माहिती फार महत्त्वाची आहे, आणि ती प्रसूतीच्या आधीच बालरोगतज्ज्ञांना सांगितली पाहिजे.

टी पेशी पक्व होण्यासाठी लागणारी आयएल2आरजी ही ग्राहीची साखळी एक्स गुणसूत्रावरील जनुकापासून बनते. त्या जनुकातील दोषामुळे तीव्र संयुक्त प्रतिकारक्षमता-अभाव (टी पेशी नसल्याने प्रतिकारशक्तीच नसण्याचा आजार) होतो, हे 1993 मध्ये समजले. त्याच वर्षी बीटीके या दुसऱ्या जनुकाचा शोध लागला. त्यातील दोषात बी पेशींची वाढ अपक्व टप्प्यावरच थांबते आणि प्रतिपिंडे बनत नाहीत. अमेरिकी लष्करी डॉक्टर ऑग्डेन ब्रुटन यांनी हा आजार 1952 मध्ये वर्णिला होता. पहिल्या आजारात लक्षणे आयुष्याच्या पहिल्या काही महिन्यांतच दिसतात. दुसऱ्यात आईकडून मिळालेली प्रतिपिंडे ओसरल्यावर, म्हणजे साधारण सहा महिन्यांनंतर. दोन्हींत आई सहसा निरोगी वाहक असते आणि अशा आईच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी असते. यात आईचे काही चुकलेले नसते, हे घरातील सर्वांनी, विशेषतः वडीलधाऱ्यांनी, मनापासून समजून घ्यावे. मुलामुलींना सारखेच होणारे, आरएजी जनुकांतील दोषासारखे प्रकारही आहेत. ते नात्यातील लग्नांत, म्हणजे आपल्याकडील मामाच्या मुलीशी होणाऱ्या लग्नांतही, अधिक आढळतात.

बाळ जन्मल्यावर पहिल्याच दिवसांत रक्ताची साधी सीबीसी तपासणी करून लिम्फोसाइट पेशींची (बी आणि टी पेशी ज्यात मोडतात त्या गटाची) प्रत्यक्ष संख्या पाहावी. तान्ह्या बाळात ती एका मायक्रोलिटरमध्ये 3,000 पेक्षा कमी असेल तर टी आणि बी पेशी स्वतंत्रपणे मोजणारी फ्लो सायटोमेट्री करावी लागते. संख्या ठीक वाटली तरी आपल्यासारखा कौटुंबिक इतिहास असताना ती करून घेणेच योग्य. आपल्या देशात जन्मतःच दिली जाणारी बीसीजी आणि तोंडावाटे दिली जाणारी पोलिओ लस या जिवंत जंतूंच्या लसी आहेत. टी पेशी नसलेल्या बाळात बीसीजीचे जंतू शरीरभर पसरू शकतात, म्हणून तपासणीचा निकाल येईपर्यंत या लसी थांबवण्याविषयी डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावे. मुंबईतील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था आणि वाडिया बालरुग्णालय येथे या आजारांचे निदान होते. टी पेशींच्या तीव्र अभावात अस्थिमज्जा प्रत्यारोपण संसर्ग होण्याआधी, शक्यतो पहिल्या साडेतीन महिन्यांत झाले तर यशाचे प्रमाण बरेच चांगले असते. बीटीके दोषात नियमित इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडे, देऊन मुले मोठी होतात, शिकतात, नोकरी करतात.

ज्यांच्या घरात असा इतिहास नाही, त्यांनी हे वाचून बीसीजी टाळू नये. क्षयरोगाच्या मेंदूज्वरापासून बाळाला वाचवणारी ती लस आहे.

प्रश्न : भाच्याला रक्ताचा कर्करोग झाला आहे. अहवालात ‘ब्लास्ट’ म्हणजे अपक्व पेशी वाढल्याचे लिहिले आहे. पेशी अपक्व राहतात म्हणजे नेमके काय होते? (रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

उत्तर : अपक्व पेशी भराभर विभागत असतात, पक्व होताना बहुतेक पेशींचे विभाजन थांबते. नियामक प्रथिनात दोष निर्माण झाला तर पेशी मधल्याच टप्प्यावर अडकते आणि विभागत राहते. मुलांतील बी पेशींच्या तीव्र ल्युकेमियात जवळपास तिसऱ्या हिश्श्याच्या रुग्णांत वर सांगितलेल्या पॅक्स5 च्या जनुकात बिघाड सापडतो. इकॅरॉस या दुसऱ्या नियामक प्रथिनाचे जनुक हरवले असेल तर आजार उलटण्याचा धोका वाढतो, म्हणून काही केंद्रे त्याचीही तपासणी करतात.

ल्युकेमियाच्या एका वेगळ्या प्रकारात, तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात, पेशी मारण्याऐवजी तिला पक्व होऊ देणे हाच उपचार ठरला आहे. अ जीवनसत्त्वापासून बनणारे रेटिनोइक आम्ल आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड त्यातील सदोष प्रथिन मोडतात, अडकलेल्या पेशी पुढे सरकतात आणि बहुसंख्य रुग्ण बरे होतात. हा उपचार भाच्याच्या प्रकाराला लागू असेलच असे नाही. मुलांतील बी पेशींचा ल्युकेमिया नेहमीच्या केमोथेरपीनेही मोठ्या प्रमाणावर बरा होतो. मात्र उपचार दोन-अडीच वर्षे चालतात आणि मुलगा बरा दिसू लागला तरी ते मध्येच सोडता कामा नयेत.

प्रश्न : रोगप्रतिकारशक्ती वाढवणारी म्हणून विकली जाणारी चूर्णे घेतल्याने ही नियामक प्रथिने वाढतात का? (गृहिणी, धुळे)

उत्तर : निरोगी माणसात चूर्णाने या प्रथिनांचे काम सुधारते, याचा पुरावा नाही. पण आपला प्रश्न दुसऱ्या कारणासाठी मोलाचा आहे. प्रतिकारशक्ती सरसकट वाढणे चांगलेच, हे गृहीतक बरोबर नाही. टी पेशींचा एक गट इतर पेशींना आवर घालण्यासाठीच असतो, हे जपानचे शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये दाखवले. 2001 मध्ये मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी जन्मतः आजारी असणाऱ्या उंदरांच्या एका जातीत फॉक्सपी3 या नियामक प्रथिनाचे जनुक बिघडलेले असल्याचे शोधले. माणसातील त्याच जनुकाच्या दोषामुळे मुलग्यांना तान्हेपणीच मधुमेह, सतत जुलाब आणि त्वचेचा दाह होतो. हे प्रथिनच आवर घालणाऱ्या टी पेशी घडवते, हे 2003 मध्ये स्पष्ट झाले आणि या तिघांना 2025 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. फॉक्सपी3 चा दोष असलेल्या मुलांत प्रतिकारशक्ती कमी नसते, ती अनावर असते. पैसे खर्चायचेच असतील तर ते मुलांच्या डाळी, अंडी, दूध आणि फळांवर खर्चावेत.

प्रश्न : आमच्या आश्रमशाळेत सिकलसेलचे काही विद्यार्थी आहेत. बीसीएल11ए नावाचे प्रथिन बंद करून हा आजार बरा करणारा उपचार आल्याचे वाचले. हेच प्रथिन बी पेशी तयार होण्यासाठी लागते, असेही वाचनात आले. मग या उपचाराने मुलांची प्रतिकारशक्ती जाणार नाही का? (विज्ञान शिक्षक, शहादा तालुका)

उत्तर : आपण दोन्ही गोष्टी बरोबर वाचल्या आहेत, आणि आपली शंका संशोधकांनाही सोडवावी लागली होती.

गर्भातील बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. जन्मानंतर काही महिन्यांत बीसीएल11ए हे नियामक प्रथिन त्या हिमोग्लोबिनचे जनुक दडपते आणि प्रौढ हिमोग्लोबिन त्याची जागा घेते. सिकलसेलचा दोष प्रौढ हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत असल्यामुळे बाळ पहिले काही महिने निरोगी दिसते आणि नंतर त्रास सुरू होतो. बीसीएल11ए दडपले तर गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागेल आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकणार नाहीत, हा विचार 2008 नंतर पुढे आला. अडचण आपण म्हणता तीच होती : 2003 मध्येच उंदरांवर दाखवले गेले होते, की हे प्रथिन नसेल तर बी पेशी तयारच होत नाहीत.

त्यावर 2013 मध्ये वाट सापडली. बीसीएल11ए च्या जनुकामध्येच डीएनएचा एक छोटा भाग असा आहे, की जो फक्त तांबड्या पेशींच्या वंशात ते जनुक जोमाने चालवतो. बी पेशी त्या भागावर अवलंबून नाहीत. क्रिस्पर या जनुके कापण्याच्या तंत्राने रुग्णाच्याच मूळपेशींत नेमका तेवढाच भाग तोडला की तांबड्या पेशींत प्रथिन घटते आणि बी पेशींत ते टिकून राहते. या तत्त्वावरील उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर 2023 मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर 2023 मध्ये, 12 वर्षे व त्याहून मोठ्या रुग्णांसाठी, मान्यता दिली. एखादे नियामक प्रथिन चांगले की वाईट असे विचारून काहीच हाती लागत नाही. ते कोणत्या पेशीत आणि कोणत्या टप्प्यावर काम करते, हे विचारले म्हणूनच हा उपचार शक्य झाला. बदललेल्या पेशी परत देण्यापूर्वी जुनी अस्थिमज्जा प्रखर औषधाने रिकामी करावी लागते, त्यामुळे काही महिने प्रतिकारशक्ती खरोखरच खूप खाली जाते. पण ते त्या औषधामुळे, जनुकातील बदलामुळे नव्हे. अमेरिकेत या उपचाराची किंमत 22 लाख डॉलर ठरवली गेली. सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा कुटुंबांपर्यंत असे उपचार परवडणाऱ्या किमतीत पोहोचले पाहिजेत, ही मागणी आपण सर्वांनी लावून धरली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आपल्या विद्यार्थ्यांसाठी आज जे करता येण्याजोगे आहे, ते असे. सिकलसेलच्या रुग्णांची प्रतिकारशक्ती वेगळ्या कारणाने कमी असते : वाकलेल्या पेशींमुळे प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते आणि न्यूमोकोकससारखे जंतू रक्तात वेगाने पसरतात. त्यामुळे न्यूमोकोकल लस झाली आहे का, हे प्रत्येक मुलाच्या लसीकरण कार्डावर पाहावे. पाच वर्षांखालील भावंडांना आजार असेल तर पेनिसिलीन चालू आहे का, हे पालकांना विचारावे. हायड्रॉक्सियुरिया हे गोळीच्या रूपातील औषधही गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनच वाढवते आणि वेदनेचे झटके कमी करते; ते सुरू असेल तर वसतिगृहात रोज वेळेवर दिले जाते की नाही आणि ठरलेल्या वेळी रक्ततपासणी होते की नाही, यावर लक्ष ठेवावे. मुलाला 38.5 अंश सेल्सिअसच्या वर ताप आला तर सकाळची वाट न पाहता रात्रीच जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्यावे आणि तेथे पोहोचताच सिकलसेल असल्याचे पहिल्यांदा सांगावे.